आरओटीसी स्कॉलरशिपवर असताना मेजर बदलायचा असेल तर

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलायला फार खटाटोप लागत नाही. अ‍ॅडव्हायझरला भेटायचं, एक अर्ज भरायचा, आणि पुढच्या सेमिस्टरपासून तुम्ही मेकॅनिकल इंजिनियरिंगऐवजी अर्थशास्त्र शिकायला लागता. तुमची फी मात्र आरओटीसी, म्हणजे रिझर्व्ह ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर, भरत असेल तर हा निर्णय तुमचा एकट्याचा राहत नाही. तुम्ही एका सैन्यदलाशी करार केलेला असतो. त्या करारात किंवा त्याला जोडलेल्या शैक्षणिक आराखड्यात तुमचं विद्यापीठ, तुमचा मेजर आणि पदवीची तारीख नोंदलेली असते. विद्यापीठाच्या रजिस्ट्रारला याच्याशी कर्तव्य नसतं. तो अर्ज मंजूर करून मोकळा होतो, आणि अडचण पुढे फी भरायच्या वेळी समोर येते.

म्हणून या लेखातली सगळ्यात महत्त्वाची सूचना आधीच सांगून टाकते: विद्यापीठात अर्ज करण्याआधी आरओटीसीच्या ऑफिसात बोला, आणि तिथली लेखी मंजुरी हातात पडेपर्यंत पोर्टलवर काहीही बदलू नका. बाकी सगळं हा क्रम नीट कसा पाळायचा याबद्दल आहे.

आपल्या घरांतून आरओटीसीकडे वळणाऱ्या मुलामुलींना बहुतेक वेळा घरात विचारायला कुणी नसतं. आईवडिलांना खडकवासल्याची एनडीए माहीत असते, कॉलेजातली एनसीसी माहीत असते, आणि आरओटीसी म्हणजे या दोन्हींच्या मधलं काहीतरी असेल असा त्यांचा समज असतो. पण एनडीएत राहणं, शिक्षण आणि प्रशिक्षण सगळं लष्कराच्या छताखाली चालतं. आरओटीसीचा कॅडेट साध्या विद्यापीठात शिकतो, पहाटे पीटी करतो, आठवड्यातून काही तास लष्करी विषयांच्या तासांना बसतो आणि पदवीबरोबर अधिकारी म्हणून कमिशन घेतो. शिक्षण एका संस्थेच्या हातात आणि पैसा दुसऱ्या संस्थेच्या हातात, त्यामुळे दोघांना एकाच वेळी सांभाळून घेण्याचं काम कॅडेटवर येतं.

दलाला तुमच्या मेजरशी काय करायचंय?

हे समजलं की पुढचे नियम जाचक वाटत नाहीत. आरओटीसी १९१६ च्या नॅशनल डिफेन्स अ‍ॅक्टमधून उभी राहिली. आर्मी आणि एअर फोर्सच्या आजच्या स्कॉलरशिपचा पाया १९६४ च्या कायद्यात आहे. सरकार हा पैसा ठरावीक वर्षी, ठरावीक प्रकारचे अधिकारी मिळावेत म्हणून खर्च करतं. त्यामुळे मेजर बदलण्याच्या अर्जाकडे ते दोन प्रश्न घेऊन बघतात. पहिला, हा कॅडेट ठरल्या तारखेला पदवीधर होऊन कमिशन घेईल का? दुसरा, आम्हाला ज्या शिक्षणाचा अधिकारी हवा होता ते शिक्षण त्याच्याकडे असेल का? पहिला प्रश्न तिन्ही दलांत सारखाच महत्त्वाचा आहे. दुसऱ्याचं वजन मात्र दलागणिक बदलतं.

पायरी पहिली: तुमची स्कॉलरशिप नेमकी कोणती, ते बघा

आर्मी मेजरच्या बाबतीत सगळ्यात मोकळी आहे. इतिहास, संगीत, जीवशास्त्र, कशातही पदवी घेऊन आर्मीत लेफ्टनंट होता येतं. बहुतेक बदल तुमच्याच विद्यापीठातल्या प्रोफेसर ऑफ मिलिटरी सायन्सच्या, म्हणजे पीएमएसच्या मंजुरीने होतात. मोठा अपवाद नर्सिंगचा. नर्सिंगसाठी मिळालेली स्कॉलरशिप नर्सिंगसाठीच असते, कारण तो कॅडेट पुढे आर्मी नर्स कोअरमध्ये जाणार असं धरलेलं असतं. तिथून बाहेर पडायचं असेल तर विषय कॅडेट कमांडपर्यंत, म्हणजे आर्मी आरओटीसीच्या केंटकीतल्या फोर्ट नॉक्स इथल्या मुख्यालयापर्यंत, जातो आणि स्कॉलरशिप राहीलच याची खात्री नसते.

एअर फोर्समध्ये (स्पेस फोर्सचे अधिकारीही याच आरओटीसीतून जातात) मेजर तांत्रिक की बिगरतांत्रिक, यावर बरंच अवलंबून असतं. अनेक स्कॉलरशिप तांत्रिक विषयासाठी म्हणूनच दिलेल्या असतात. इलेक्ट्रिकलमधून कॉम्प्युटर सायन्समध्ये जाणं एक गोष्ट, आणि इलेक्ट्रिकलमधून राज्यशास्त्रात जाणं अगदी वेगळी. दुसऱ्या प्रकारच्या बदलात स्कॉलरशिप गमावण्याची शक्यता खरी असते. आधी तुमच्या अ‍ॅवॉर्ड लेटरमध्ये मेजरबद्दल काय लिहिलंय ते शब्दन्‌शब्द वाचा.

नौदलाचे नियम सर्वांत बारीक आहेत, म्हणून इथे जरा थांबते. नेव्ही आरओटीसी मेजरची तीन टियरमध्ये विभागणी करते. पहिल्या टियरमध्ये इंजिनियरिंगच्या अनेक शाखा येतात. दुसऱ्यात गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स असे विषय. तिसऱ्यात उरलेलं सगळं: इतिहास, इंग्रजी, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, कॉमर्सकडचे विषय. नेव्ही ऑप्शनच्या, म्हणजे नौदलात अधिकारी होऊ पाहणाऱ्यांच्या, बहुसंख्य स्कॉलरशिप पहिल्या दोन टियरसाठी असतात. त्यामुळे या दोन टियरच्या आतला बदल त्यामानाने सोपा, तिसऱ्यातून वर जाणं तर स्वागतार्हच. वरून तिसऱ्यात उतरायचं असेल तर मात्र युनिटच्या (तुमच्या विद्यापीठातल्या नेव्ही आरओटीसी ऑफिसच्या) वरची मंजुरी लागते आणि नकारही येतो.

अनेकांना माहीत नसलेली गोष्ट अशी की तिसऱ्या टियरमध्ये गेलं तरी गणित सुटत नाही. नेव्ही ऑप्शनच्या स्कॉलरशिपवरच्या प्रत्येक मिडशिपमनला, म्हणजे नौदलाच्या कॅडेटला, दोन सेमिस्टर कॅल्क्युलस दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत आणि दोन सेमिस्टर कॅल्क्युलसवर आधारलेलं भौतिकशास्त्र तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत पूर्ण करावं लागतं, मग मेजर इंग्रजी साहित्य का असेना. कॅल्क्युलस झेपत नाही म्हणून इंजिनियरिंग सोडायचं असेल तर मेजर बदलून ते दुखणं बरं होणार नाही. तिथे ट्यूटर, प्राध्यापकांचे ऑफिस अवर्स आणि कमी क्रेडिटचं एखादं सेमिस्टर यांचा जास्त उपयोग होतो. मरीन ऑप्शनवर, म्हणजे मरीन कोअरमध्ये जाण्याच्या मार्गावर, असाल तर कॅल्क्युलस-भौतिकशास्त्राची ही अट नाही. नर्स ऑप्शन आर्मीच्या नर्सिंगसारखाच स्वतंत्र धरा.

पायरी दुसरी: तुम्ही कोणत्या वर्षात आहात

चार वर्षांच्या स्कॉलरशिपवर पहिलं वर्ष हे खऱ्या अर्थाने चाचपून बघण्याचं वर्ष असतं. दुसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू होईपर्यंत तुम्ही स्कॉलरशिप सोडलीत तर सेवेचं बंधन नसतं आणि पहिल्या वर्षाची फीही परत मागितली जात नाही. दुसरं वर्ष सुरू झालं की बंधन लागू होतं. त्यानंतर बाहेर पडलात किंवा काढून टाकलं गेलात, तर खर्च झालेला पैसा परत करावा लागू शकतो किंवा शिपाई दर्जावर सक्रिय सेवेत बोलावलं जाऊ शकतं. तीन वर्षांची स्कॉलरशिप दुसऱ्या वर्षापासून सुरू होत असेल तर हे मोकळं वर्ष तुमच्या वाट्याला येत नाही.

म्हणून मेजरबद्दल पहिल्या वर्षीच शंका असेल तर ती मनात दाबून ठेवू नका. मार्च-एप्रिलमध्ये बोलणं सुरू केलंत तर मंजुरी यायलाही वेळ मिळतो, आणि नाही आली तर मोकळेपणाने निर्णय घ्यायलाही. 'एक सेमिस्टर अजून बघू' असं म्हणत ऑगस्ट उजाडू देणं इथे महागात पडतं. हेच बोलणं सप्टेंबरात सुरू केलं की तुमचे पर्याय निम्म्यावर आलेले असतात.

तिसऱ्या आणि चौथ्या वर्षात बदल अशक्य नसतो, पण तेव्हा प्रश्न फक्त एकच उरतो: ठरल्या तारखेला पदवी मिळते की नाही. त्याचं उत्तर हिशोबातून मिळतं.

पायरी तिसरी: कागदावर हिशोब मांडा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. बहुतेक अर्ज इथेच तरतात किंवा बुडतात.

प्रत्येक दलाचा स्वतःचा शैक्षणिक आराखडा असतो. आर्मीत त्याला कॅडेट कमांड फॉर्म १०४-आर म्हणतात, एअर फोर्समध्ये फॉर्म ४८. नेव्हीच्या युनिटमध्येही असाच डिग्री प्लॅन ठेवलेला असतो. पदवीपर्यंतचं प्रत्येक सेमिस्टर आणि त्यातला प्रत्येक कोर्स यात लिहायचा असतो, आणि शैक्षणिक अ‍ॅडव्हायझरची त्यावर सही घ्यायची असते. मेजर बदलायचा म्हणजे प्रत्यक्षात हा आराखडा नव्याने लिहून मंजूर करून घ्यायचा.

समजा तुम्ही दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मेकॅनिकल सोडून अर्थशास्त्रात जायचं म्हणताय. पदवीला १२० क्रेडिट लागतात आणि तुमचे ६२ झाले आहेत. वरवर बघता ५८ उरले, चार सेमिस्टरमध्ये सहज बसतील. आता नव्या मेजरचा डिग्री ऑडिट, म्हणजे कोणते कोर्स झाले आणि कोणते उरले याचा तक्ता, काढा. स्टॅटिक्स, डायनॅमिक्स, थर्मोडायनॅमिक्स, सीएडी अशा कोर्सपैकी काही मुक्त इलेक्टिव्हमध्ये बसतात, पण त्या जागा मोजक्या असतात. समजा १४ क्रेडिट कुठेच बसले नाहीत. म्हणजे जमेला ४८, बाकी ७२, आणि दर सेमिस्टरला १८. त्यात तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे लष्करी विषयांचे तास, लॅब, पहाटेची पीटी आणि कॅडेट म्हणून मिळणारी जबाबदारी. अठरा क्रेडिट घेऊन हे सगळं करणारे असतात, पण त्यात ग्रेड घसरल्या तर स्कॉलरशिप त्या कारणाने धोक्यात येते. आर्मी ग्रेडची एकूण सरासरी (४.० पैकी) २.० च्या खाली जाऊ देत नाही, एअर फोर्स स्कॉलरशिपसाठी दर सत्रात २.५ मागते. शिवाय आर्मीत ब्रँच (इन्फंट्रीसारखी लष्करी शाखा) वाटपाच्या वेळी गुणवत्ता यादीत जीपीएचं, म्हणजे याच सरासरीचं, वजन असतं, त्यामुळे जेमतेम पास होण्यावर समाधान मानू नका.

मग उन्हाळ्यात कोर्स करू, असं लगेच सुचतं. उन्हाळा तुमच्या हातात पूर्ण नसतो. आर्मीचे कॅडेट सहसा तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात फोर्ट नॉक्सला अ‍ॅडव्हान्स्ड कॅम्पला जातात. एअर फोर्सचं फील्ड ट्रेनिंग सहसा दुसऱ्या वर्षानंतर अलाबामातल्या मॅक्सवेल तळावर असतं. नेव्हीच्या मिडशिपमनना उन्हाळी क्रूझ असते. हे चुकवता येत नाही. उन्हाळी कोर्सची फी स्कॉलरशिप भरेल असंही धरून चालू नका, आधी विचारा.

पूर्वअटींची साखळी बघायला विसरू नका. अर्थशास्त्रात इंटरमिजिएट मायक्रो झाल्याशिवाय इकॉनॉमेट्रिक्स मिळत नाही, आणि काही वरचे कोर्स वर्षातून एकदाच, फक्त फॉल किंवा फक्त स्प्रिंगला असतात. क्रेडिटची बेरीज जुळते पण क्रम जुळत नाही, असे आराखडे अ‍ॅडव्हायझरच्या टेबलावर फुटतात. उलट दिशेने, म्हणजे कलाशाखेतून इंजिनियरिंगकडे, जायचं असेल तर ही साखळी आणखी लांब असते. तिसऱ्या सेमिस्टरनंतर इंजिनियरिंगमध्ये शिरून चार वर्षांत बाहेर पडणं फार थोड्यांना जमतं. काही तांत्रिक मेजरसाठी पाचव्या वर्षाचा विचार होतो, पण त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. आपोआप मिळणारी सोय म्हणून ते वर्ष आराखड्यात घालू नका.

दलाचे स्वतःचे सक्तीचे विषयही याच कागदावर बसले पाहिजेत. आर्मीला लष्करी इतिहासाचा एक कोर्स लागतो. नेव्ही ऑप्शनला कॅल्क्युलस आणि भौतिकशास्त्राबरोबर इंग्रजी, अमेरिकन इतिहास किंवा राष्ट्रीय सुरक्षा धोरण आणि जागतिक संस्कृतीचा अभ्यास लागतो. जुन्या मेजरमध्ये यातले काही सहज होऊन जात होते. नव्यात ते वेगळे घ्यावे लागतील का, हे तपासा.

पायरी चौथी: कॅडरशी (आरओटीसीच्या अधिकारी-कर्मचाऱ्यांशी) बोला, आणि स्वतः बोला

आराखड्याचा कच्चा खर्डा तयार झाला की वेळ मागा. आर्मीत सुरुवात तुमच्या वर्षाच्या इन्स्ट्रक्टरपासून करा. कागदपत्रांच्या बाबतीत बटालियनमधल्या एचआरएला, म्हणजे ह्यूमन रिसोर्सेस असिस्टंटला, सगळ्यात जास्त माहिती असते. नेव्हीत तुमचा क्लास अ‍ॅडव्हायझर हा एक अधिकारी असतो, त्याच्यामार्फत जा. एअर फोर्समध्येही वर्गाच्या इन्स्ट्रक्टरकडूनच विषय डिटॅचमेंटच्या (विद्यापीठातल्या एअर फोर्स आरओटीसी तुकडीच्या) कमांडरपर्यंत न्या. थेट सगळ्यात वरच्या माणसाच्या दारात जाऊन उभं राहू नका. चेन ऑफ कमांड पाळणं हाही तुमच्या प्रशिक्षणाचाच भाग मानला जातो.

बोलताना 'इंजिनियरिंग आवडत नाही' एवढ्यावर थांबू नका. नवा मेजर का, त्यात आतापर्यंत काय करून बघितलंय, पदवीची तारीख तीच कशी राहते आणि अधिकारी म्हणून हे शिक्षण कुठे कामी येईल, हे चार मुद्दे ठाम आणि थोडक्यात मांडा. नव्या विषयातला एक कोर्स इलेक्टिव्ह म्हणून आधीच केला असेल आणि त्यात चांगली ग्रेड असेल तर तुमच्या बाजूने त्याहून चांगला पुरावा नाही. ग्रेड घसरल्यामुळे बदल हवा असेल तर तेही सरळ सांगा. तुमची ट्रान्सक्रिप्ट त्यांच्यासमोर असतेच. कॅडरमधल्या अधिकाऱ्यांना कॅडेट गळायला नको असतात, आणि लवकर व खरं बोलणाऱ्या कॅडेटसाठी ते बरीच धडपड करतात.

पालकांना एक कळकळीची विनंती. मुलाच्या वतीने ऑफिसात फोन करू नका. सज्ञान विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींची माहिती विद्यापीठ त्याच्या संमतीशिवाय सहसा पालकांना देत नाही, आणि उद्या तीस-चाळीस सैनिकांची जबाबदारी घेणाऱ्या कॅडेटच्या बाजूने आई बोलतेय हे चित्र त्याच्या हिताचं नाही. घरी बसून त्याच्याबरोबर करार वाचा, क्रेडिटचा हिशोब पडताळा, पैसे परत करावे लागले तर आकडा किती होईल हे शांतपणे काढा. ती मदत मोलाची आहे.

आणखी एक गोष्ट घराघरात ऐकू येते: 'मेडिकलला जायचंय, मग मेजर बदलायला हवा.' बहुतेक विद्यापीठांत प्री-मेड हा मेजर नसतो, तो कोर्सचा एक संच असतो, आणि तो कुठल्याही मेजरबरोबर पूर्ण करता येतो. वैद्यकीय शिक्षणासाठी सक्रिय सेवा पुढे ढकलण्याचा मार्ग वेगळा आहे, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. त्यासाठी मेजर मोडायची गरज आहे का, हे आधी विचारून घ्या.

पायरी पाचवी: लेखी मंजुरी, मग पोर्टल

तोंडी 'हो, चालेल' हे उत्तर आलं तर आनंद माना, पण त्यावर पाऊल टाकू नका. इन्स्ट्रक्टरची बदली होते, नवा माणूस येतो, आणि त्याच्याकडे फक्त फाईल असते. विनंतीपत्र, अ‍ॅडव्हायझरची सही असलेला नवा आराखडा, नव्या विभागात प्रवेश मिळाल्याचं पत्र आणि ताजी ट्रान्सक्रिप्ट एकत्र द्या. सही झालेल्या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःच्या ई-मेलवर ठेवा.

इथे एक पेच येतो. विभाग म्हणतो आधी मेजर जाहीर करा, आरओटीसी म्हणते आधी मंजुरी घ्या. अशा वेळी विभागाकडून 'कॅडेटला प्रवेश देता येईल आणि अमुक सेमिस्टरमध्ये पदवी शक्य आहे' एवढं पत्र घ्या. ते आरओटीसीला पुरतं आणि तुमचा मेजर अजून बदललेला नसतो. पुढच्या सेमिस्टरची नोंदणी तोंडावर आली असेल तर जुन्या आणि नव्या दोन्ही मेजरना चालतील असे कोर्स घ्या, आणि अ‍ॅड-ड्रॉपची, म्हणजे कोर्स घेण्या-सोडण्याची, शेवटची तारीख लिहून ठेवा. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून किमान १२ क्रेडिट राहतील याची काळजी घ्या. कोर्स सोडता सोडता त्याखाली गेलात तर मेजरचा विषय बाजूला राहतो आणि वेगळीच चौकशी सुरू होते.

नकार आला तर

नकाराचं कारण विचारा. कारण तारखेचं असेल तर आराखडा सुधारून पुन्हा जाता येतं. कारण मेजरच्या प्रकाराचं असेल तर आवडता विषय मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून घेण्याचा विचार खरोखर करा. माझ्या मते अनेकांसाठी हाच सगळ्यात चांगला मार्ग ठरतो. अधिकारी झाल्यावर मिळणाऱ्या कामांपैकी बरीचशी मेजरवर अवलंबून नसतात. आर्मीतला इन्फंट्री अधिकारी, नेव्हीतला सरफेस वॉरफेअर अधिकारी किंवा एअर फोर्सचा पायलट कुठल्याही शाखेतून आलेला असू शकतो. एअर फोर्सच्या डेव्हलपमेंटल इंजिनियरसारख्या कामाला मात्र इंजिनियरिंगची पदवी लागतेच, आणि नेव्हीच्या अणुऊर्जा विभागाला कॅल्क्युलस-भौतिकशास्त्राचा भक्कम पाया. तुम्हाला तिकडेच जायचं असेल तर नकार तुमच्या बाजूचाही असू शकतो.

पहिल्या वर्षात असाल तर स्कॉलरशिप सोडून, बिगर-स्कॉलरशिप कॅडेट म्हणून आरओटीसीत राहण्याचा पर्याय आहे. फी स्वतः भरावी लागते, पण मेजर तुमचा आणि कमिशनचा रस्ता उघडा. राज्यातल्याच सरकारी विद्यापीठात शिकत असाल तर हा पर्याय अनेक घरांना परवडतो. बाहेरच्या राज्यातल्या खाजगी विद्यापीठात हाच निर्णय वर्षाला हजारो डॉलरचा असतो, म्हणून तिथे फायनान्शियल एड ऑफिसमधून नेमका आकडा आणल्याशिवाय सही करू नका.

मंजुरी मिळाल्यावर

आता पोर्टलवर मेजर बदला आणि बदल झाल्याचा पुरावा लगेच आरओटीसीच्या ऑफिसात द्या. त्यांच्या संगणकात जुना मेजर राहिला तर पुढच्या सेमिस्टरचं फीचं बिल अडकू शकतं. विद्यापीठाच्या फायनान्शियल एड ऑफिसलाही कळवा, कारण इंजिनियरिंग आणि बिझनेस कॉलेजांची फी बऱ्याच ठिकाणी वेगळी असते, आणि इतर स्कॉलरशिप जुन्या मेजरला बांधलेली असेल तर ती बंद होईल. नव्या अ‍ॅडव्हायझरला पहिल्याच भेटीत सांगा की तुम्ही आरओटीसीत आहात आणि पदवीची तारीख हलवता येत नाही. बऱ्याच प्राध्यापकांना हे बंधन ठाऊक नसतं, आणि 'एखादं सेमिस्टर लांबवा, काय बिघडतं' असा सल्ला ते चांगल्या मनाने देऊन जातात. पुढे एखादा कोर्स राहिला, बदलला किंवा नापास झालात तर त्याच आठवड्यात आराखडा दुरुस्त करून अ‍ॅडव्हायझरची आणि आरओटीसीची अशा दोन्ही सह्या पुन्हा घ्या.